संमतीपत्रावरचा अंगठा

एमडीच्या थिसिसची तयारी सुरू झाली की संमतीपत्राची, म्हणजे अभ्यासात भाग घ्यायला पेशंट सही करून देतो त्या कागदाची, पाळी बहुधा शेवटी येते. सीनिअरची फाइल घ्यायची, नाव-विषय बदलायचा, अभ्यासाला मंजुरी देणाऱ्या इथिक्स कमिटीकडे द्यायचं. मग मराठी माहितीपत्रकात 'यादृच्छिकीकरण', 'ऐच्छिक सहभाग' असले शब्द तसेच राहतात. ओपीडीतल्या शेतमजूर बाईंना ते वाचून दाखवलं तरी काय कळणार?

त्यापेक्षा साधं लिहा. 'कोणाला कुठलं औषध मिळेल हे चिठ्ठी टाकल्यासारखं ठरेल, डॉक्टर ठरवणार नाहीत.' प्लासिबो म्हणजे 'औषधासारखीच दिसणारी, पण औषध नसलेली गोळी'. ५ मिली रक्त म्हणजे एक छोटा चमचा, किती वेळा घेणार तेही लिहा. मजकूर तयार झाला की मूळ इंग्रजी न पाहिलेल्या माणसाकडून तो परत इंग्रजीत करून घ्या. 'धोका नाही' आणि 'धोका कमी आहे' यांतली गफलत तिथेच सापडते.

सगळ्यात जास्त चुका सही घेताना होतात. पेशंट शुद्धीवर असतो, निर्णय घेऊ शकतो, तरी सही नवऱ्याची किंवा मुलाची घेतली जाते. घरच्यांशी बोलायला पेशंटला वेळ जरूर द्या, पण संमती त्याचीच हवी. वाचता येत नसेल तर अंगठा चालतो. मात्र पूर्ण बोलणं होईपर्यंत निःपक्ष साक्षीदार हजर हवा आणि त्याचीही सही हवी. त्याच अभ्यासात काम करणारा रेसिडेंट (शिकाऊ डॉक्टर) निःपक्ष कसा? सहीखालची तारीख दुसऱ्याच अक्षरात असणं, कमिटीने सुधारणा मंजूर केल्यावरही जुनाच फॉर्म वापरणं, हे नेहमीचंच.

दुसऱ्याच्या सहीचं प्रकरण किती दूर जाऊ शकतं ते २००९ मध्ये दिसलं. तेव्हाच्या आंध्र प्रदेशातल्या खम्मम जिल्ह्यात एचपीव्ही लसीचा, म्हणजे गर्भाशयमुखाच्या कर्करोगापासून बचाव करणाऱ्या लसीचा, प्रकल्प चालू होता. वसतिगृहात राहणाऱ्या अनेक आदिवासी मुलींच्या फॉर्मवर आई-वडिलांऐवजी वॉर्डनच्या सह्या होत्या. एप्रिल २०१० मध्ये प्रकल्प थांबवला गेला. लस वाईट होती असा याचा अर्थ नाही. पण आपल्या मुलीला काय टोचलं जातंय, हे आई-बापाला विचारायलाच हवं होतं.

नवी औषधं आणि त्यांच्या माणसांवरच्या चाचण्या यांसाठीच्या २०१९ च्या नियमांनुसार, दुर्बल परिस्थितीतल्या व्यक्तींवर नव्या रेणूची, म्हणजे अगदी नव्या औषधी घटकाची, चाचणी असेल तर संमतीचं दृक्‌श्राव्य चित्रीकरण करावं लागतं. एचआयव्ही आणि कुष्ठरोगाच्या औषधांसाठी फक्त आवाजाचं. पण कॅमेऱ्यासमोर मान डोलावणं म्हणजे समजणं नव्हे. सहीआधी तीन प्रश्न विचारा: हा अभ्यास कशासाठी आहे, तुमच्या शब्दांत सांगा. नाही म्हणालात तर तुमच्या उपचाराचं काय होईल? मध्येच सोडायचं असेल तर काय कराल? दुसऱ्या प्रश्नाला 'मग औषध मिळणार नाही' असं उत्तर आलं, तर सही घेऊ नका, पुन्हा समजवा. यात वेळ जातो, म्हणून हे भरलेल्या ओपीडीत उरकू नये. राउंड संपल्यावर शांत कोपरा शोधावा.

सही झाली की माहितीपत्रक आणि भरलेल्या संमतीपत्राची प्रत पेशंटच्या हातात द्यायची. त्यावर संशोधकाचा आणि इथिक्स कमिटीचा असे दोन्ही फोन नंबर हवेत, आणि ते लागतात का, हे आधी स्वतः फिरवून पाहावं.