भोक पाडायचं नाही

काकांनी त्यांचा जॉन्सन मॅचबॉक्स, म्हणजे हौशी (हॅम) रेडिओ अँटेनाशी जुळवणारा ट्यूनर, माझ्या हवाली करताना एकच अट घातली होती, "याला भोक पाडायचं नाही." मी मान डोलावली आणि आठवड्याभरात ड्रिल काढून बसलो.

कारण 30 मीटरचा, म्हणजे 10 मेगाहर्ट्झचा बँड. हा 275 वॉटचा अमेरिकन ट्यूनर 1950च्या दशकातला. त्यावर 80, 40, 20, 15, 10 मीटर एवढेच बँड. 10 मेगाहर्ट्झचा बँड हॅमना मिळाला 1979च्या जागतिक परिषदेत, तोवर हा डबा म्हातारा झालेला. स्विच 40वर ठेवून कंडेन्सर उघडत नेला तर रेझोनन्स लागतो, पण माझ्या गच्चीवरच्या डब्लेट अँटेनाशी काही जुळेना. एसडब्ल्यूआर (अँटेना किती जुळलाय त्याचा आकडा, एक म्हणजे उत्तम) तीनवर अडून बसला. 20वरून खाली यायचं तर कपॅसिटन्स जवळजवळ दुप्पट हवा. म्हणजे जादा कंडेन्सर, तो जोडायला स्विच, आणि स्विचला भोक. पॅनेलवर पेन्सिलीनं खूण केली. मग पुसली. 30साठी वेगळा ट्यूनरच करायचं ठरवलं.

जुन्या बाजारातून (बुधवारी जावं, रविवारी उभं राहायला जागा नसते) व्हॉल्व्ह रेडिओतले दोन गँग (फिरवायचे कंडेन्सर) आणले. रिवाइंडिंगवाल्याकडून जाड एनॅमल वायर, वजनावर. कॉइल पीव्हीसी पाइपवर गुंडाळली, टॅपला क्रोकोडाइल क्लिप, अँटेनाकडे जाणाऱ्या दोन तारांच्या लॅडर लाइनकडे बॅलन (तिला ट्यूनरशी जुळवणारा ट्रान्सफॉर्मर).

अशा टी-सर्किटमध्ये (दोन कंडेन्सर ओळीत, मधून कॉइल अर्थला) गोम अशी की दोन्ही गँग सिग्नलच्या वाटेतच असतात आणि गँगची बॉडी रोटरला, म्हणजे फिरणाऱ्या प्लेटांना, जोडलेली असते. पत्र्याच्या चासीवर स्क्रूनं आवळला की पॉवर थेट अर्थला. हे मला माहीत होतं, म्हणून दोन्ही गँग घरातल्या सागवानी पाटावर बसवले. नॉबचा स्क्रू मात्र उघडाच राहिला. ट्यून करताना बोटाच्या टोकावर पांढरा ठिपका उमटला. आरएफचा (रेडिओ लहरींच्या विजेचा) चटका आतून भाजतो. दोन दिवस मोर्सची की मधल्या बोटानं दाबली. आता नॉब आणि गँगच्या मध्ये प्लॅस्टिकची दांडी आहे.

माझ्या 50 वॉटला हे पुरतं. कधी अँटेनाचा इम्पीडन्स (विजेला होणारा अडथळा) चढला की प्लेटांच्या बारीक फटीत चटचट सुरू होते, मग पॉवर 20 वॉटवर आणायची. आणि एसडब्ल्यूआर दोन-तीन जागी खाली येतो. त्यातल्या ज्या जागी गँग जास्तीत जास्त मिटलेले, कॉइल कमीत कमी, ती जागा धरायची. बाकी ठिकाणी मीटर खूश आणि कॉइल गरम.

काका येऊन गेले. आधी मॅचबॉक्स चारही बाजूंनी फिरवून पाहिला, मग पाटाकडे बघून म्हणाले, "यावर जेवतोस की बोलतोस?"

दिवाळीत आई एक पाट कमी पडतोय म्हणून घरभर शोधत होती. मी गच्चीवर होतो.