दोन डोक्यांची एक काच

कोल्हापूरच्या उद्यमनगरात आमचं गाड्यांच्या ॲक्सेसरीज बसवायचं दुकान आहे. क्रूझर मोटरसायकलला पुढं वारा अडवायची प्लास्टिकची काच बसवायला येणारा गिऱ्हाईक आधी मोबाइल पुढं धरतो, "अशीच पायजे." फोटोत धुरकट काळी, उंच काच असते, गाडी कुठल्यातरी पठारावर उभी असते आणि गाडीवर माणूस नसतो. मला राग येतो तो याचाच. विकणारे 'सर्व गाड्यांना बसते' असं खोक्यावर छापतात. क्लॅम्प कुठल्याही हँडलला बसतो हे खरं, पण माणूस किती उंच, पाठ कशी ठेवून बसतो, मागं कोण बसतं, हे कुणीच विचारत नाही.

परवा आलेले मामा एसटीचे निवृत्त ड्रायव्हर. उभी हयात रत्नागिरी लाइनला गेली. गाडी रॉयल एनफिल्डची मिटिऑर 350, त्यातलं फायरबॉल मॉडेल. 2020 मध्ये ही गाडी आली तेव्हा सुपरनोव्हा या तिच्याच वरच्या मॉडेलला कंपनीचीच काच होती, फायरबॉलला नव्हती. मामांनी ऑनलाइन मागवली ती भलतीच उंच. बसल्यावर काचेचा काठ बरोबर डोळ्यांच्या आडवा. "एसटीत काचेतनंच बघत होतो की," मामा म्हणाले. मी म्हटलं, "मामा, एसटीला वायपर होता." आंबा घाटात पाऊस, धुकं आणि समोरनं ट्रकचे दिवे आले की ओल्या प्लास्टिकवर नुसता उजेड पसरतो. मग दिसण्यासाठी मान उंच करून काठावरनं बघायला लागतं, घाटात ते तासभर कुणाला जमत नाही. ड्रायव्हर माणूस, लगेच पटलं. "मग काप," म्हणाले.

कापलेली काच परत वाढत नाही, म्हणून आधी माप. मी गिऱ्हाइकाला बूट, हेल्मेट, जॅकेट घालून बसवतो आणि थोडा वेळ इकडच्या तिकडच्या गप्पा मारतो. दुकानात शिरल्या शिरल्या सगळे ताठ बसतात. गप्पांत पाठ सैल पडते, आणि शंभर किलोमीटरनंतर माणूस तसाच बसलेला असतो. त्या बैठकीत काठ नाकाच्या शेंड्याशी आला पाहिजे. नजर वरून मोकळी जाते आणि वारा हेल्मेटच्या वरून निघतो.

मामांसोबत मामी होत्या. लेक रत्नागिरीला दिलेली, तिच्याकडं जाणं-येणं दोघांचं. म्हणून मी दोघांनाही ट्रायलला घेतलं. काच क्लॅम्पमध्ये खाली सरकवून नाकाच्या रेषेत आणली. दोघांच्या हेल्मेटवर लाल लोकरीचे धागे चिकटपट्टीनं लावले. शिरोलीवरनं किणी टोलनाक्याच्या दिशेनं ते पुढं, मी तिरका मागं. पंचगंगेच्या पुलावर आडव्या वाऱ्यानं हँडल किंचित ओढलं, मोठी काच हँडलवर असली की ते होतंच. साठवरनं ऐंशीवर गेलं की वाऱ्याचा जोर पावणेदोन पटीच्या वर जातो, त्यामुळं खरी परीक्षा तिथंच. मामांच्या हेल्मेटवरचे धागे शांत पडलेले. मामींचे मात्र उकळत्या पाण्यातल्या शेवयांसारखे गरगरत होते. काठावरनं उचललेला वारा मामांच्या डोक्यावरनं जाऊन थेट मागच्या उंच सीटवर आदळत होता.

गाडी थांबल्यावर मामी म्हणाल्या, "डोकं कुणीतरी धरून हलवतंय असं वाटतंय." काच नव्हती तेव्हा? "तेव्हा वारा लागायचा, पण सरळ लागायचा." एवढं नेमकं वर्णन मला आजवर कुणा रायडरनं दिलेलं नाही.

काच आणखी चार बोटं खाली घेतली. मामींचे धागे निवले, पण मामांच्या कानात वारा घोंघावायला लागला. इंजिनाशेजारी आयुष्य गेलेला कान, आधीच कमी ऐकतो. मामा म्हणाले हिच्या मापानं काप, मामी म्हणाल्या गाडी चालवणाऱ्याच्या मापानं. रस्त्याकडेला उभ्या उभ्या दोघांची चांगलीच जुंपली आणि मी मधे.

शेवटी मामांच्या मापानं कापायची, पण काच धरणाऱ्या पट्ट्यांना गोल भोकांऐवजी लांब खाच ठेवायची, म्हणजे काच वर-खाली सरकवता येईल, असं ठरलं. एकटे असाल तर वर, दोघं असाल तर चार बोटं खाली. शेजारच्या टर्नरनं स्टीलच्या पट्ट्यांत अशी सफाईदार खाच काढून दिली की बोट फिरवलं तरी कंगोरा लागत नाही. असं काम करून मिळतं म्हणून मी या गावात धंदा करतो.

काच पॉलिकार्बोनेटची होती हे नशीब. ॲक्रिलिकला ओरखडे कमी, पण ती तडकते. पॉलिकार्बोनेट फुटत नाही, ओरखडते. वरची फिल्म न काढता बारीक दात्याच्या जिगसॉनं सावकाश कापलं. घाई केली की प्लास्टिक वितळून ब्लेडमागं परत चिकटतं. काठ कानशीनं गोल करून पॉलिश पेपरनं पाणी लावून घासला. भोकं बोल्टपेक्षा किंचित मोठी ठेवली, कारण उन्हात काच फुगते. दोन्ही बाजूंना रबरी वायसर घातले, नट हातानं आणि वर थोडासा पाना. आट्यांना लावायचं चिकट द्रव इथं अजिबात नाही, त्यानं भोकाभोवती केसासारख्या चिरा पडतात. पेट्रोलनं पुसायचं नाही हेही मामांना बजावलं. आमच्यातलेच कितीतरी फिटर दोन्ही करतात आणि नंतर 'माल खराब' म्हणतात. मालाचा दोष कसला त्यात!

काम चोख झालं, पैसे मिळाले. तरी ते धागे डोळ्यांसमोरनं हलत नाहीत. काचेच्या जाहिरातीत उंची, रुंदी, जाडी असते, मागच्या सीटचा उल्लेखही नसतो. आपल्याकडं तर क्रूझरवर बहुतेक जोडीनंच फिरतात. बायको मागं डोकं हलवून घेत कोकणात उतरते आणि नवरा सांगतो, काचेनं लई आराम पडला.

एक गोष्ट करून बघायची राहिली आहे. काचेमागं हवेची पोकळी होते आणि वरचा वारा तिच्यात कोसळतो, म्हणून घुसळण होते. हेडलाइटवरची फट रुंद करून खालनं थोडी हवा आत सोडली, तर काच वर ठेवूनही मामींच्या डोक्यावरचा मार कमी व्हायला हवा. मामांना फोन केलाय. पाऊस सुरू व्हायच्या आत एका रविवारी या म्हटलं, पण मामींना घेऊन आणि रत्नागिरीला नेता ती बॅग बांधून.