हरिहरेश्वरचा काळा कातळ

आज ओहोटीची वेळ साधून हरिहरेश्वरच्या प्रदक्षिणेच्या वाटेने खाली उतरलो. पायऱ्या संपतात तिथे काळ्या कातळाला भोकंच भोकं, अगदी मधाच्या पोळ्यासारखी. ही लाव्हातल्या बुडबुड्यांची खूण नव्हे. खारं पाणी खडकात मुरतं, सुकतं, मिठाचे स्फटिक वाढतात आणि कण कण सुटत जातो.

कातळ मात्र ज्वालामुखीचाच! सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या लांबलचक भेगांतून लाव्हा वाहिला, थरावर थर बसले, त्यातूनच आपला सह्याद्री. त्यामुळे इथे शंकूसारखा डोंगर आणि माथ्यावर विवर शोधू नये.

मला सगळ्यात भारी वाटतं ते पुढचं. तेव्हा आपला भूखंड ज्या तप्त जागेवरून (हॉटस्पॉट, म्हणजे पृथ्वीच्या पोटातून तापलेला खडक वर येतो ती जागा; हा लाव्हा तिथलाच) सरकत होता, तिच्यावर आज हिंद महासागरातलं रियुनियन बेट आहे, असं बहुतेक भूशास्त्रज्ञ मानतात. तिथला एक ज्वालामुखी अजून जागा आहे. दुसरा, पितों दे नेज, ३,००० मीटरहून उंच, हजारो वर्षं शांत. पावसाने त्याचे कडे कोरून खोल दऱ्या केल्यात, उतारांवर दाट हिरवं जंगल. एकदा बघायचंच आहे.

हरिहरेश्वरला जाणार असाल तर भरतीच्या वेळी त्या वाटेने अजिबात उतरू नका. लाटा खडकावरून माणूस ओढून नेतात.