लाइट जाण्याची वाट बघत काढलेली फिल्म : आमची वाटचाल

लग्नाच्या व्हिडिओत गाणं नसलं की बेळगावातलं गिऱ्हाईक पहिलं हेच विचारतं, "काय ओ, आवाज गेलाय काय?" २००६ ला शहापुरात एका गाळ्यात आमचा स्टुडिओ सुरू झाला, मी आणि माझा मेव्हणा, पॅनासॉनिकचा एक मिनी डीव्ही कॅमेरा, दोन हॅलोजन आणि उधारीवरचा कॉम्प्युटर, तेव्हापासून हे वाक्य किती वेळा ऐकलंय त्याला मोजदाद नाही. अक्षता पडल्या की एक गाणं, वरातीला दुसरं, पाठवणीला रडकं तिसरं. माणसांचे खरे आवाज आम्ही सरळ म्यूट करायचो. निम्मे पाहुणे कन्नड, निम्मे मराठी, भटजींचा माइक घरघरतोय, मागं जनरेटर, कोण ऐकणार ते. चौदा वर्षं असंच चाललं आणि चांगलं चाललं, खोटं कशाला बोलू.

२०२० ला लग्नाला ५० माणसांची अट आली आणि त्या ५० त फोटोग्राफर धरायचा का नाही यावरून एका घरात आमच्यासमोरच भांडण झालं. सीझन गेला. दोघांनी मिळून दुकानांचे, क्लासवाल्यांचे मोबाइलवर टाकायचे व्हिडिओ काढून दिले, भाडं निघालं एवढंच.

पुढच्या वर्षी माझ्या मावशीला पॅरालिसिस झाला. ती वडगावात राहते, मागवाल्यांच्या गल्लीत, म्हणजे भिंतीपलीकडं पॉवरलूम. उजवा हात-पाय गेला आणि बोलणं गेलं. तिला सगळं समजायचं, कोण आलं, कोण गेलं, कुणी साडी नवी नेसली, पण तोंडातून फक्त "आणि, आणि" एवढंच यायचं आणि मग स्वतःच वैतागून मांडीवर हात आपटायची. डॉक्टरांची औषधं, फिजिओ, स्पीच थेरपी सगळं चालू होतं. त्यातच एक म्युझिक थेरपिस्ट मॅडम यायला लागल्या, धारवाडकडच्या, घरी कन्नड बोलणाऱ्या, मराठी आपल्यासारखंच पण हेल वेगळा. त्यांनी आल्या आल्या हार्मोनियम वगैरे काय काढलं नाही, नुसतं विचारलं, मावशी लहानपणी काय म्हणायच्या? आई म्हणाली, जात्यावरच्या ओव्या. मॅडमनी आईलाच पहिली ओळ म्हणायला सांगितली, आणि जी बाई चार महिने साधं "पाणी" म्हणू शकत नव्हती तिनं दुसरी ओळ उचलली, शब्दासकट, माहेरच्या वाटेचं काहीतरी होतं, सगळी ओवी पुरी केली. मी चहाचा ट्रे घेऊन दारात उभा. कॅमेरा गाडीत. आजपण त्या गोष्टीची चुटपुट आहे.

मी लगेच म्हटलं, मावशी बरी झाली! मॅडम हसल्या. म्हणाल्या, सर, पाठ झालेलं गाणं येणं वेगळं आणि स्वतःचं नवीन वाक्य येणं वेगळं, खरं काम उद्यापासून. मग कळलं की बोलण्याचं काम बहुतेक माणसांच्या मेंदूत डावी बाजू करते, पॅरिसच्या पॉल ब्रोका नावाच्या डॉक्टरनं १८६१ ला ती जागा दाखवली होती, आणि गाताना उजवी बाजूपण कामाला लागते. यावरून १९७३ च्या सुमाराला बोस्टनमधल्या लोकांनी एक पद्धत बसवली, मेलडिक इंटोनेशन थेरपी. रोजच्या गरजेचं एक छोटं वाक्य घ्यायचं, दोनच सुरात म्हणायचं, एक वर एक खाली, आणि प्रत्येक अक्षराला पेशंटच्या डाव्या हातानं ठोका द्यायचा. मावशीचं पहिलं वाक्य होतं "च्या दे", म्हणजे चहा दे. "च्या" वरच्या सुरात, "दे" खालच्या. मॅडम तिचा डावा हात धरून उशीवर थोपटायच्या, आधी दोघी मिळून, मग मॅडम मध्येच गप्प व्हायच्या आणि मावशी एकटी पुरं करायची, मग हळूहळू सूर काढून टाकायचा आणि नुसतं बोलायचं. यात नेमकं काम कोण करतं, सूर की ठेका की नुसता रियाज, यावर जाणकारांत अजून वाद आहे, हेपण मॅडमनीच सांगितलं. मला तेच आवडलं त्यांचं.

तर या म्युझिक थेरपीवर फिल्म काढायची ठरली. पहिली स्क्रिप्ट मी लिहिली, आता आठवलं तरी लाज वाटते. किल्ल्यावरून ड्रोन, बासरी, भारदस्त आवाजात "संगीत म्हणजे आत्म्याचं औषध", आणि मग कुमार गंधर्व. म्हटलं आपल्याच जिल्ह्यातले, १९२४ ला सुळेभावीत जन्म, टीबी झाला, देवासला अंथरुणात वर्षं काढली आणि परत गायला लागले, याच्यापेक्षा भारी सुरुवात कुठली? मॅडमनी पेनानं आडवी रेघ मारली. म्हणाल्या, त्यांना गायला बंदी होती ओ त्या काळात, बरे झाले ते स्ट्रेप्टोमायसिननं, टीबीचं औषध तेव्हा नवीन आलं होतं. पडल्या पडल्या माळव्यातली बायकांची गाणी त्यांच्या कानावर पडली आणि पुढं ती त्यांच्या गाण्यात उतरली, हे खरं, पण फुप्फुस गाण्यानं बरं झालं असं तुम्ही दाखवलं तर उद्या कुणीतरी गोळ्या बंद करेल. निघालं ते.

पैशाचं सांगतो. एक पार्टी निम्मा खर्च द्यायला तयार होती, ४० हजार ॲडव्हान्सपण आला. पण त्यांना फिल्ममध्ये हवं होतं की अमुक राग ऐका, बीपी जातं, तमुक ऐका, शुगर जाते, आणि शेवटी त्यांच्या सीडीचा फोटो. मेव्हणा म्हणाला एक ओळ टाकू, काय बिघडतंय. आठ दिवस आमच्यात नीट बोलणं नव्हतं. शेवटी ॲडव्हान्स परत केला, त्यातले खर्च झालेले घरातून घातले, आणि मेव्हण्यानं ते मला अजून अधूनमधून ऐकवलेलं आहे, त्याचं पण चुकत नाही.

दुसरा भाग पार्किन्सन झालेल्या एका काकांचा. आयुष्यभर माग चालवलेला माणूस, आता उंबऱ्यापाशी आला की पाय जमिनीला चिकटल्यासारखे थांबायचे, तसेच मिनिटभर. मेंदूतलं आतलं घड्याळ बिघडतं म्हणून बाहेरून ठेका द्यायचा, मोबाइलवर मेट्रोनोम लावून, आधी त्यांच्याच चालीच्या वेगाला, मग जरा जास्त. ते चालायला लागायचे. ठेका थांबला की थोड्या वेळानं परत तसंच, हेपण आम्ही फिल्ममध्ये ठेवलं.

परवानगीच्या कागदाला सगळ्यात जास्त वेळ गेला. लग्नात कोण विचारतं, बोलावलंय म्हणजे काढा. इथं मराठी आणि कन्नड दोन्हीत फॉर्म, आणि मावशीला सही येईना, डाव्या हाताचा अंगठा. मॅडमचा नियम, अंगठा एकदा झाला म्हणून संपलं नाही, रोज विचारायचं. मावशी तळहात वर केला की हो, उलटा केला की नाही. दोन दिवस तिनं उलटा केला, आम्ही बॅगा उचलून परत. एका सेशनला मानसोपचार चालू असलेले लोक होते, अशा पेशंटचा फोटो त्याच्या संमतीशिवाय बाहेर द्यायचा नाही असं २०१७ चा कायदाच सांगतो, तिथं आम्ही फक्त हात आणि टाळ घेतले.

आता आवाज. मावशीच्या खोलीत दिवसभर माग, खटाखट खटाखट. कॉलर माइक लावला तर इरकलच्या पदराला घासून खरखर, लांबचा माइक लावला तर ओवीपेक्षा मागच जोरात. मागवाल्या अण्णांना विचारलं थोडा वेळ बंद ठेवता काय, ते म्हणाले, ठेवतो की, मजुरी तुम्ही देणार काय? बरोबर होतं त्यांचं. मग मेव्हण्याच्या डोक्यात आलं, लाइट गेली की माग बंद. त्या दिवसापासून आम्ही मावशीच्या घरात बॅटऱ्या चार्ज करून बसायचो, लाइट कधी जाते त्याची वाट बघत. अख्खी गल्ली लाइट गेली की शिव्या घालायची आणि आम्ही "गेली गेली!" करून उठायचो. शेजारणीला वाटलं आम्हाला वेड लागलं.

एक दिवस सव्वातीनला गेली. माग एकेक करत थांबले, शेवटचा एक जरा रेंगाळला, मग एकदम शांत, कुठंतरी कुकरची शिट्टी. खिडकीतून उजेड मावशीच्या डाव्या हातावर. मॅडम काय बोलल्या नाहीत. मावशीनं स्वतःच उशीवर हात थोपटला, एकदा, परत एकदा, तोंड हललं, आवाज नाही, परत थोपटला, आणि "च्या... दे", सूर नव्हता त्यात, नुसतं बोलणं. आई उठून खरंच चहा करायला गेली. जेमतेम ४० सेकंदाचा शॉट आहे, एक कट नाही.

एडिटिंग खानापूरची एक मुलगी करते आमच्याकडं, हुशार आहे, तिनं सवयीनं त्या ४० सेकंदाखाली बासरी टाकली. मी बघितलं, डोळ्यात पाणी आलं, म्हटलं झालं, फायनल. मॅडमना दाखवलं. त्यांनी विचारलं, "मावशी कशानं बोलल्या म्हणायचं, त्यांच्या थोपटण्यानं की तुमच्या बासरीनं?" मी गप्प. बासरी काढली, मग एकेक करत सगळंच बॅकग्राउंड काढलं. म्युझिकवरच्या फिल्ममध्ये आम्ही स्वतःचं म्युझिक शून्य ठेवलं. काका चालताना एक जुनं सिनेमाचं गाणं गुणगुणायचे तेपण कापावं लागलं. मला वाटायचं जुनं म्हणजे फुकट, तसं नाही, रेकॉर्डिंगला प्रसिद्ध झाल्यापासून ६० वर्षं आणि शब्द-चालीला करणारा गेल्यानंतर ६० वर्षं हक्क राहतो. ओव्यांवर कुणाचाच हक्क नाही, त्या राहिल्या.

सबटायटलला मराठी वर का कन्नड वर, हा बेळगावात साधा प्रश्न नव्हे ओ. आम्ही दोन्ही एकत्र टाकलंच नाही. मराठी बोलणं असेल तिथं कन्नड पट्टी, मॅडम कन्नडमध्ये बोलतात तिथं मराठी.

१९ तासांचं फुटेज, फिल्म १४ मिनिटांची, खर्च १ लाख ८० हजार, त्यातले निम्मेपण अजून सुटलेले नाहीत. पण ती बघून दोघा फिजिओंनी पेशंटसाठी व्यायामाचे व्हिडिओ करून घेतले आणि आता महिन्याला असं एखादं काम येतं. मावशी आता आठ-दहा वाक्यं बोलते, त्यातली चार मला शिव्या आहेत.

लग्नं चालूच आहेत. मागच्या मे महिन्यात कंग्राळीत एका हळदीला नवरीची आजी उखळाजवळ बसून गात होती, आवाज फाटलेला, मध्येच खोकला. मी ते तसंच ठेवलं, २० सेकंद, खाली काय न टाकता. पेनड्राइव्ह दिल्यावर दुसऱ्या दिवशी नवरीच्या काकांचा फोन, "सर, हळदीत आवाज गेलाय बघा, गाणं टाका की." टाकलं. आजीचं संपल्यावर.