नागपूर ते रत्नागिरी, ऐन मे महिन्यात: झळा, वळीव आणि घाम

नागपूरहून रत्नागिरीला उतरणारा महामार्ग साधारण साडेनऊशे किलोमीटरचा. बुटीबोरी ते तुळजापूर हा त्याचा भाग 361 क्रमांकाचा आणि सोलापूरपासून समुद्रापर्यंतचा 166. मेच्या दुसऱ्या पंधरवड्यात या एकाच रस्त्यावर तीन वेगळे उन्हाळे भेटतात. पैनगंगेपर्यंत कोरडी आग, तिथून सोलापूर-मिरजेपर्यंत दुपारी भरून येणारं वादळी आभाळ आणि घाट उतरला की ओला घाम. गाडी तीच, माणसं तीच. पण विदर्भात ज्या सवयी जीव वाचवतात त्या लातूरला अपुऱ्या पडतात आणि कोकणात चक्क उलट्या पडतात.

म्हणून या प्रवासाचं वेळापत्रक किलोमीटरवर बांधू नये, घड्याळावर बांधावं. विदर्भात सकाळी अकराच्या आत मुक्कामी, मराठवाड्यात दुपारी दोनच्या आत पक्क्या छपराखाली आणि घाट शक्यतो सकाळीच. यवतमाळ, लातूर आणि कोल्हापूर असे मुक्काम धरले तर हे जमतं. एका दमात सोलापूर गाठायचं म्हणणाऱ्यांना नेमकं दुपारी चार वाजता उघड्या माळावर विजांशी गाठ घालावी लागते.

निघण्याआधी अंदाज बघताना एक गोष्ट लक्षात घ्या. विदर्भाचा जिल्हावार इशारा हवामान खात्याचं नागपूर केंद्र देतं. मराठवाडा, मध्य महाराष्ट्र आणि कोकणाचा मुंबई केंद्र देतं. त्यामुळे दोन्ही पत्रकं पाहावी लागतात. इशाऱ्याच्या रंगांचा अर्थ सगळीकडे सारखा असला तरी त्यामागचे आकडे वेगळे. मैदानी भागात पारा निदान 40 अंश आणि सरासरीपेक्षा किमान साडेचार अंश जास्त असेल, किंवा थेट 45 वर गेला, तर उष्णतेची लाट धरतात. 47 म्हणजे तीव्र लाट. किनाऱ्यावर मात्र सरासरीपेक्षा तेवढीच वाढ असेल तर 37 अंशही लाट ठरते. हे सगळे आकडे सावलीतल्या, हवा खेळणाऱ्या पेटीतल्या तापमापकाचे असतात. रस्त्यावरचं डांबर आणि उन्हात उभ्या गाडीचा पत्रा त्याच्या कितीतरी वर असतो.

नागपूर, वर्धा, यवतमाळ हा पट्टा पहाटे साडेचारला सुरू करावा. मेच्या अखेरीस इथे रात्रीसुद्धा पारा तिशीच्या खाली फारसा येत नाही, त्यामुळे पहाटेचे दोन-तीन तास हाच खरा गारवा. 25 मेच्या सुमारास सूर्य रोहिणीत गेला की नवतपा लागतो आणि तेव्हा दुपारी नागपूरचे रस्तेही ओस पडतात. बाहेरून आलेला माणूसच काय तो डोक्याला काही न बांधता फिरताना दिसतो. दुपट्टा सुती हवा, दोन-अडीच मीटर लांब, आणि कान-मानेसकट बांधलेला. टोपीने मान झाकत नाही, आणि झळ तर कानापासून सुरू होते.

पाणी माणशी किमान पाच लिटर गाडीत ठेवावं आणि तहानेची वाट न बघता दर वीस मिनिटांनी एक छोटा पेला घ्यावा. कोरड्या हवेत घाम आल्या आल्या उडून जातो, अंग ओलं दिसतच नाही. ‘मला घामच येत नाहीये’ असं म्हणणाऱ्या माणसानेच सगळ्यात जास्त पाणी गमावलेलं असतं. पण नुसतं पाणी ढोसूनही चालत नाही, मीठ लागतं. औषधाच्या दुकानातली ओआरएसची पुडी तिच्यावर लिहिलेल्या मापातच विरघळवायची. ‘थोडी घट्ट करू’ असं करू नये, त्याने उलटी-जुलाब वाढतात. पुडी नसेल तर एक लिटर पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. कैरीचं पन्हं आणि मीठ घातलेलं पातळ ताक उत्तम. तयार खोक्यांतली गोड फळपेयं हा पर्याय नव्हे. रक्तदाबाची किंवा लघवी वाढवणारी गोळी चालू असलेल्यांनी निघण्याआधी डॉक्टरांशी बोलून घ्यावं. या गोळ्यांवर शरीर ऊन वेगळ्या तऱ्हेने झेलतं.

मुक्कामाच्या खोलीत कूलर असेल तर तो विदर्भात एसीची उणीव जाणवू देत नाही, पण नीट चालवला तरच. बाहेर 44 अंश आणि हवेत पंधरा टक्के आर्द्रता असेल तर ओल्या ताट्यांतून येणारा वारा सत्तावीस-अठ्ठावीस अंशांपर्यंत उतरू शकतो. त्यासाठी कूलर खिडकीत बाहेरची हवा ओढणारा हवा आणि समोरचं दार किंवा खिडकी वीतभर उघडी हवी. गारवा बाहेर जाईल म्हणून दार लावून घेतलं की तासाभरात खोली दमट होते आणि मग ‘कूलर बेकार आहे’ ही तक्रार सुरू होते. ताट्यांच्या मधल्या भागात कोरडे पट्टे दिसले तर पंपाच्या नळीची भोकं क्षाराने बुजलेली असतात. टाचणीने मोकळी केली की काम भागतं. पाण्यात हात घालण्याआधी प्लग काढायचा, हे वेगळं सांगायला नको, तरी सांगतो.

गाडीचं बघायचं ते टायरपासून. हवा पहाटे, टायर गार असताना, चालकाच्या दाराच्या चौकटीवरच्या आकड्याप्रमाणे भरावी. चालून तापल्यावर दाब चार-पाच पीएसआयने वाढतो. तो वाढलेला बघून हवा सोडणं ही या रस्त्यावरची सर्वांत महागडी चूक. कमी हवेच्या टायरची बाजू प्रत्येक फेऱ्यात वाकते, आतून तापते आणि शेवटी फुटते. सिमेंटच्या रस्त्याला सरसकट दोष दिला जातो, पण बहुतेकदा दोष कमी हवा, जुनं रबर आणि तासन्‌तास ठेवलेला एकसारखा वेग यांचा असतो. टायरवरचा चार आकडी अंक बघा: 2319 म्हणजे 2019 सालचा तेविसावा आठवडा. सहा वर्षांपुढचा टायर असेल तर नक्षी कितीही शाबूत असो, मे महिन्यात लांबच्या प्रवासाला नेऊ नये.

इंजिनचा काटा चढू लागला तर एसी बंद, हीटर पूर्ण चालू, आणि गाडी बाजूला. तापलेल्या रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही, निदान अर्धा तास. उभ्या गाडीत लायटर, डिओची बाटली, पॉवर बँक ठेवू नये, आणि मूल किंवा म्हातारं माणूस तर दोन मिनिटांसाठीही नाही. परत बसताना आधी चारी काचा खाली करून थोडं अंतर जावं, कोंडलेली हवा निघाली की एसी लावावा. फोन डॅशबोर्डवर ठेवला तर तापून चार्जिंग थांबतं आणि नकाशा ऐन वळणावर बंद पडतो. एसीच्या झरोक्यासमोरचा स्टँड बरा.

ऊन लागल्याची पहिली खूण म्हणजे डोकेदुखी, मळमळ, पायात गोळे. इथे सावली, पाणी, मीठ, विश्रांती पुरते. पण माणूस असंबद्ध बोलू लागला, झोकांड्या देऊ लागला किंवा बेशुद्ध झाला, तर तो उष्माघात. मग घाम येतोय की नाही हे बघत बसू नये. 108 ला फोन लावायचा आणि गाडी येईपर्यंत कपडे सैल करून अंगावर भरपूर पाणी ओतायचं, जोराचा वारा घालायचा, मान, काखा आणि जांघांत बर्फ ठेवायचा. शुद्ध नसलेल्याच्या तोंडात पाणी घालू नये. तापाची गोळी इथे काही करत नाही, कारण हा ताप आजाराचा नसतो.

उमरखेड सोडून पैनगंगा ओलांडली की मराठवाडा. हदगाव, अर्धापूर, नांदेड, मग लोहा, अहमदपूर, लातूर. ऊन दोन-तीन अंशांनी उतरतं, पण हवेत चिकटपणा येतो आणि तोच धोक्याचा इशारा. सकाळी आभाळ स्वच्छ, वारा पडलेला आणि दहालाच उकाडा असेल तर दुपारी वळीव येणार असं धरून चालावं. बारा-एकला कापसासारखे ढग दिसतात. त्यांचा माथा भराभर वर चढू लागला आणि वरचा भाग ऐरणीसारखा पसरला की तासाभरात खेळ सुरू. आधी धुळीची भिंत येते. उंचावरून कोसळलेली गार हवा जमिनीवर आपटून चहूकडे पसरते म्हणून हा पहिला झोत सर्वांत जोराचा असतो. पाऊस त्याच्या मागून येतो, कधी गारांसकट.

धूळ दिसताच डांबर पूर्ण सोडून गाडी थांबवावी. थांबायला काँक्रीटच्या इमारतीची आडोशाची बाजू हवी. रस्त्याकडेचे कडुनिंब-बाभळी नकोत, पत्र्याचा ढाबा नको, आणि फलकाखाली तर मुळीच नको. 13 मे 2024 ला मुंबईत घाटकोपरला असल्याच अवकाळी वादळात महाकाय फलक पेट्रोल पंपावर कोसळून सतरा माणसं गेली. ढाब्याचे सुटलेले पत्रे पात्यासारखे उडतात, त्यामुळे जेवण अर्धं टाकावं लागलं तरी चालेल, पण पक्की भिंत गाठावी. गारा पडू लागल्या तर गाडीचं तोंड गारांकडे करावं. पुढची काच दुपदरी असते, तडकली तरी जागेवर राहते. बाजूच्या आणि मागच्या काचा चुरा होऊन अंगावर येतात.

विजेसाठी दामिनी हे पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचं ॲप फोनमध्ये असावं. तुमच्याभोवतीच्या वीस आणि चाळीस किलोमीटरच्या वर्तुळात वीज पडतेय का ते दाखवतं. नेटवर्क नसेल तर कान आहेतच: लखलखाट आणि गडगडाट यांतले सेकंद मोजून तिनाने भागले की किलोमीटर मिळतात. अंतर तीस सेकंदांच्या आत आलं की बाहेर राहायचं नाही, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास तरी बाहेर यायचं नाही. बरीच माणसं पाऊस थांबला म्हणून लगेच निघतात आणि सरत्या ढगाची वीज त्यांना गाठते. बंद काचांची पत्र्याच्या छताची गाडी सुरक्षित असते, ती टायरमुळे नव्हे, तर वीज पत्र्यावरून बाहेरच्या बाहेर जमिनीत उतरते म्हणून. त्यामुळे आत दाराच्या धातूला हात लावू नये आणि फोन चार्जरवर ठेवू नये. दुचाकी, ट्रॅक्टर, रिक्षा, कापडी छताची जीप यांना हे संरक्षण नाही. दुचाकीस्वारांनी दुपारचा प्रवासच टाळावा. वीज लागलेल्या माणसाला हात लावल्याने धक्का बसत नाही. श्वास थांबलेला असेल तर लगेच छातीदाब सुरू करावा, मिनिटाला शंभर ते एकशे वीस.

वादळ सरल्यावर फरशी पुलांवरून पाणी वाहत असतं. कोरडा ओढा अर्ध्या तासात भरतो, आणि फूटभर वाहतं पाणी लहान गाडीला उचलू शकतं. थांबलं की तेही तासा-दोन तासांत ओसरतं.

तुळजापूर, सोलापूर हा पट्टा पुन्हा तापलेला आणि लवकर उरकण्याचा. मंगळवेढा, सांगोला ओलांडून जुनोनीकडे बेदाण्याची शेडं दिसू लागतात. हंगाम रेंगाळला असेल तर वळिवाचा अंदाज कुठल्याही ॲपआधी तिथे कळतो, कारण माल वाचवायची धावपळ सुरू झालेली असते. मिरज ते कोल्हापूर गर्दीचा रस्ता, एवढंच.

कोल्हापूरहून आंबा घाटाकडे सकाळी निघावं. पहिल्या पावसात धूळ आणि तेल मिसळून रस्ता गुळगुळीत होतो. पहिला अर्धा तास सर्वांत वाईट. त्यात दुपारनंतर धुकं. उतरताना एसी आणि संगीत जाऊ द्या, गिअर दुसरा-तिसरा ठेवा, ब्रेकवर पाय टेकवून ठेवू नका.

साखरप्याला पारा 35 च्या आत दिसतो आणि विदर्भातून आलेला माणूस हसतो. हसू फार टिकत नाही. 34 अंशांवर सत्तर टक्के आर्द्रता असली की घाम उडतच नाही, अंगावर नुसता वाहतो. नागपुरातला 44 अंशांचा दिवस ओल्या कपड्याला 23 अंशांपर्यंत गार करू शकतो. इथे तोच कपडा 29 च्या खाली जात नाही. म्हणून ओला दुपट्टा निरुपयोगी, कूलर तर त्रासदायक. इथे हवा हलती हवी: पंखा, समोरासमोरच्या खिडक्या, सैल सुती कपडे, दिवसातून दोनदा अंघोळ. कोकम सरबतात मीठ घालून घ्यावं, शहाळं मिळालं तर सोडू नये. खोली ठरवताना ‘जनरेटर आहे का’ एवढं विचारून भागत नाही. त्यावर एसी चालतो की फक्त दिवे-पंखे, हे विचारा. वादळी वाऱ्यात माडाची झावळी तारांवर पडली की वीज जाते ती रात्रभर. 3 जून 2020 च्या निसर्ग चक्रीवादळानंतर दापोली-मंडणगडकडच्या कित्येक गावांत वीज यायला आठवडे लागले.

मेच्या अखेरीस समुद्र बघायचा, त्यात उतरायचं नाही, विशेषतः गणपतीपुळ्याला, जिथे उतार अचानक खोल जातो. बंदरावर वादळी हवेच्या इशाऱ्याचा तीन नंबरचा बावटा लागला असेल तर होड्या बंद असतात आणि खाडीपलीकडचा बेतही. पावसाच्या तारखांवर फार विसंबू नये: मुंबईत मान्सून सरासरीने 11 जूनला येतो, पण 2025 मध्ये तो 26 मेलाच हजर झाला. परतायच्या आदल्या रात्री आंबा घाट चालू आहे का ते विचारून घ्यावं. दरड आली असेल तर दक्षिणेला अणुस्कुरा घाट आहे, उत्तरेला चिपळूणवरून कुंभार्ली. दोन्ही लांब पडतात, तेव्हा टाकी रत्नागिरीतच भरून घ्यावी. राष्ट्रीय महामार्गावर गाडी अडली तर 1033.