झाकणाच्या आतल्या बाजूला

"तेल सुकलंय, ताई. बाकी काही नाही."

घड्याळवाल्या काकांनी डोळ्यावरचं भिंग न काढताच निदान सांगून टाकलं. मी मात्र गुन्हा कबूल करायच्या तयारीनेच गेले होते. बाबांचं किल्लीचं घड्याळ माझ्याकडे आल्याला दोन वर्षं झाली, आणि ते बंद पडलं ते माझ्याच हातून किल्ली जास्त पिळली गेल्यामुळे, अशी माझी खात्री होती. लहानपणी बाबा त्या घड्याळाला हात लावू देत नसत. "जास्त पिळलीस तर स्प्रिंग तुटेल" हे वाक्य इतक्या वेळा ऐकलंय की आजही किल्ली देताना माझी बोटं बाराव्या-तेराव्या वेढ्याला आपोआप थांबतात. अर्ध्या पोटी ठेवलेलं घड्याळ मग रात्री केव्हातरी मुकाट थांबायचं.

"किल्ली जास्त झाली म्हणून कुठलं घड्याळ बंद पडतंय?" काका म्हणाले. "भरली की किल्ली स्वतःच थांबते. तिथे तुम्हीही थांबायचं. लोक मला येऊन हेच सांगतात. अहो, आत तेल सुकलेलं असतं, चाकं हलत नाहीत, स्प्रिंग गच्च भरून तशीच बसून राहते. आणि नाव किल्लीचं!"

काकांचं दुकान ठाण्यात एका जुन्या इमारतीच्या जिन्याखाली आहे. दुकान म्हणजे उभं कपाट. वरून कोणी जिना उतरलं की काका चिमटा हवेत धरून थांबतात, पावलं गेली की पुन्हा खाली वाकतात. निम्मा धंदा सेल बदलण्याचा आणि उरलेला पट्ट्यांचा. किल्लीचं घड्याळ आलं की त्यांचा चेहरा जरा खुलतो, असं मला वाटलं. कदाचित भिंगामुळे डोळा मोठा दिसत असेल.

त्यांनी मला तेलाची तार दाखवली. सुईसारखी बारीक, टोकाला किंचित चपटी. टोकावर तेल होतं म्हणे. मला दिसलं नाही. कमी पडलं तर धातू धातूला खातो, जास्त झालं तर पसरतं आणि धूळ धरतं. आणि अगदी नेमकं घातलं तरी चार-पाच वर्षांनी घट्ट होतंच. "तेलाला कोणी जिंकलेलं नाही," असं काहीतरी ते पुटपुटले आणि मला पुढच्या आठवड्यात यायला सांगितलं.

हे वाक्य डोक्यात राहिलं, कारण तेलाला जिंकायला निघालेल्या एका माणसाबद्दल मी मागे वाचलं होतं. त्या रात्री पुन्हा काढून वाचत बसले.

जॉर्ज डॅनियल्स. जन्म १९२६, इंग्लंडमधल्या गरीब घरातला. भावंडं इतकी की नावं घेताना आईची धांदल उडत असेल. पाचव्या वर्षी त्याने एक स्वस्तातलं घड्याळ उघडून आत पाहिलं, आणि पुढची ऐंशी वर्षं तो तेच करत राहिला. चौदाव्या वर्षी शाळा सुटली, गाद्यांच्या कारखान्यात काम धरलं. सैन्यात असताना सोबत्यांची घड्याळं दुरुस्त केली आणि बाहेर पडल्यावर हाती आलेल्या पैशांतून हत्यारं घेतली. म्हणजे सुरुवात आमच्या काकांसारखीच, दुरुस्तीवाला म्हणून. नंतर तो स्वतः घड्याळं बनवू लागला. कंपनी नाही, कारखाना नाही, एकटा. एकेक घड्याळ जवळजवळ वर्ष खायचं. उभ्या आयुष्यात अशी स्वतःची दोन-तीन डझन घड्याळं झाली असतील. आलेला पैसा तो जुन्या रेसिंगच्या बेंटली गाड्यांवर उडवायचा, हे वाचून मला फार बरं वाटलं. साधूपणाची एक मर्यादा असावी.

१९८२ साली तो आइल ऑफ मॅनवर राहायला गेला. इंग्लंड आणि आयर्लंड यांच्या मधल्या समुद्रातलं हे बेट. तिथल्या जातीच्या पुष्कळ मांजरांना शेपूट नसतं आणि झेंड्यावर तीन पाय असतात. जगातल्या अव्वल घड्याळांचं गाव म्हटल्यावर आपण स्वित्झर्लंडकडे बोट दाखवतो. हा गडी मात्र बिनशेपटीच्या मांजरांत जाऊन बसला.

त्याचं भांडण तेलाशी होतं. घड्याळाच्या पोटात एक चाक असतं, ते झोपाळ्यासारखं इकडून तिकडे झुलतं. तो झोका थांबू नये म्हणून त्याला दर वेळी एक हलका धक्का लागतो. अडीचशेहून जास्त वर्षं चालत आलेल्या पद्धतीत हा धक्का देताना चाकाचा दात एका लहानशा माणकावरून घासत सरकतो. झोपाळ्याला ढकलायचं, पण तळवा फळीवरून घासत नेऊन, असा हा प्रकार. घासणं आलं की तेल आलं, आणि तेल आलं की सुकणं आलं. डॅनियल्सने १९७० च्या दशकात अशी रचना काढली की धक्का जवळजवळ सरळ बसावा, तळवा फळीवरून घासू नये. कोअॅक्सियल एस्केपमेंट हे तिचं नाव.

वेळ काय साधली पाहा. १९६९ च्या नाताळात जपानमध्ये सेलवर चालणारं पहिलं क्वार्ट्झचं मनगटी घड्याळ विकायला आलं होतं. आतला स्फटिकाचा तुकडा सेकंदाला हजारो वेळा थरथरतो आणि महिन्याकाठी काही सेकंदांचाच काय तो फरक पडतो. स्वित्झर्लंडमध्ये कारखाने बंद पडत होते, आणि हा माणूस तिथल्या बड्या कंपन्यांचे उंबरे झिजवत होता, माझी तेलाची युक्ती घ्या म्हणून. घर जळत असताना देव्हाऱ्याला रंग द्यायला आलेला माणूसच त्यांना तो वाटला असणार. वीसेक वर्षं कोणी घेतली नाही. शेवटी १९९९ मध्ये ओमेगा या स्विस कंपनीने ती आपल्या घड्याळात बसवली आणि पुढे तिचीच घड्याळं लाखांनी निघाली.

पण मला डॅनियल्सपेक्षा त्याच्याकडे आलेल्या पोराची गोष्ट जास्त लागली.

रॉजर स्मिथ हा इंग्लंडमधल्या बोल्टन गावचा. सोळाव्या वर्षी मँचेस्टरला घड्याळाचं काम शिकायला गेला, तिथे डॅनियल्स एकदा पाहुणा म्हणून आला, आणि पोराने ठरवूनच टाकलं. डॅनियल्सने लिहिलेलं एक जाडजूड पुस्तक होतं, घड्याळ पहिल्या पत्र्यापासून शेवटच्या काट्यापर्यंत कसं करायचं याचं. ते समोर ठेवून दीडेक वर्ष खपून याने खिशातलं घड्याळ बनवलं आणि आइल ऑफ मॅनला नेऊन गुरूपुढे ठेवलं. गुरूने पाहिलं आणि नापास केलं. कारण काय, तर हे हाताने बनवलेलं दिसतंय.

पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला रागच आला. हाताने बनवलेलं दिसू नये? मग कशाने बनवलेलं दिसावं? आपल्याकडे 'हातचं' म्हटलं की अर्धी परीक्षा तिथेच पास होते. हातसडीचा तांदूळ, हातमागाचं लुगडं. थोडं वाकडं असलं तर उलट चार पैसे जास्तच मिळतात.

मग आजीच्या शेवया आठवल्या. उन्हाळ्यात पाटावर वळलेल्या, केसासारख्या, एकीलाही गाठ नाही. एकदा शेजारच्या काकूंनी काठीवर वाळत घातलेल्या त्या शेवया पाहून विचारलं, "यंदा मशीनवरून आणल्यात वाटतं?" आजीला वाईट वाटेल म्हणून आई गडबडली. आजी दिवसभर खुशीत होती. येईल-जाईल त्याला सांगत होती, मशीनच्या का म्हणून विचारलं मला. डॅनियल्स आणि आजी एकाच पंक्तीला बसले असते.

स्मिथ घरी परतला आणि दुसरं घड्याळ करायला बसला. याला पाच वर्षांहून जास्त लागली. पुढचे भाग करता करता हात इतका सुधारायचा की आधीचे भाग डोळ्यांना खुपायला लागायचे. मग ते टाकून पुन्हा करायचे. ते होईतो आणखी दुसरे खुपायचे. रियाझ करणाऱ्या माणसाला आपलं जुनं रेकॉर्डिंग ऐकवू नये, तसं. १९९८ मध्ये तो ते घेऊन पुन्हा बेटावर गेला. डॅनियल्स एकेका भागावर बोट ठेवून विचारत गेला, हे कोणी केलं? मी. आणि हे? मीच. बाहेरची डबीही? तीही मीच. मग म्हाताऱ्याने अभिनंदन केलं आणि सांगितलं की आता तू घड्याळजी झालास. पुढे त्याला स्वतःच्या हाताखाली घेतलं. शिष्याने २००१ मध्ये त्याच बेटावर आपलं वेगळं दुकान मांडलं. ते आजही चालू आहे आणि वर्षाला मोजकीच घड्याळं तिथून बाहेर पडतात. ते पाच वर्षांचं दुसरं घड्याळ २०२३ साली न्यूयॉर्कच्या लिलावात ४९ लाख डॉलरला गेलं. म्हणजे चाळीस कोटी रुपये. या आकड्यापुढे मला काही सुचत नाही, म्हणून तो इथेच ठेवते.

डॅनियल्स म्हणायचा की घड्याळ पूर्ण एकट्याने करायचं तर चौतीस वेगवेगळी कसबं आहेत, त्यांतली निदान बत्तीस हातात हवीत. सूटही बघा किती, फक्त दोनची. त्यांतलं एक कसब मला फार आवडतं: पोलाद निळं करणं. या लोकांच्या घड्याळांत जे निळे स्क्रू आणि निळे काटे दिसतात, तो रंग लावलेला नसतो. घासून आरसा केलेलं पोलाद हळूहळू तापवायचं. आधी ते गवतासारखं पिवळं होतं, मग तपकिरी, मग जांभळं, आणि तीनशे अंशांच्या आसपास आलं की मोरपंखी निळं. तिथे ते क्षणात उचलायचं. एक श्वास उशीर झाला की निळाई उतरते आणि मळकट राखाडी उरतं. मग पुन्हा घासा, पुन्हा तापवा. साखरेचा पाक करणाऱ्या बाईला हे समजावून सांगावं लागणार नाही. एकतारी पाक गोळीबंद व्हायला पाठ फिरवण्याएवढाच वेळ लागतो.

स्वित्झर्लंडच्या जू खोऱ्यात फिलिप द्युफूर नावाचा असाच एक एकांडा म्हातारा आहे. तो धातूच्या कडा चमकवायला त्या खोऱ्यात उगवणाऱ्या जेंशियन नावाच्या झाडाची वाळकी काडी वापरतो. कडा अशा जागी असतात की घड्याळ घालणाऱ्याला बहुतेक दिसतही नाहीत. पाईप ओढत हे चाललेलं असतं. पितळेची समई चिंचेने घासणाऱ्या घरात वाढलेल्या मला या काडीचं काही नवल वाटायला नको होतं, तरी वाटलं.

पुढच्या आठवड्यात काकांकडे गेले. घड्याळ तयार होतं, पण मागचं झाकण अजून लावायचं होतं. चाक झुलत होतं. तासाला अठरा हजार ठोके, म्हणजे दिवसाला ४,३२,०००. मी घरी कागदावर हिशेब करून ठेवला होता: घड्याळ दिवसाला दोन मिनिटं मागे पडलं तर त्यांतले सहाशे ठोके कमी पडतात. सव्वाचार लाखांच्या वर ठोके, त्यात सहाशेंची गैरहजेरी. आमच्या ऑफिसात याहून जास्त असते.

"काका, हे बनवणारे म्हणतात की हाताची खूण दिसता कामा नये."

"बरोबर आहे," काका म्हणाले. "बनवणाऱ्याची नाही दिसली पाहिजे." आणि सुट्टं झाकण त्यांनी माझ्यापुढे उलटं धरलं, भिंग हातात दिलं.

आधी नुसते ओरखडे दिसले. मग झाकण जरा तिरपं केलं तेव्हा आकडे झाले. सुईने कोरलेले, मुंगीच्या पायांएवढे. ६-८१. त्याखाली दुसऱ्या हाताचं ५-८५, पुढे एक अक्षर आणि टिंब. मग ११-९०. मग ९३ दोनदा, दोन वेगवेगळ्या अक्षरांत. शेवटचं २-९८. घड्याळ उघडलं की दुरुस्तीवाला आत आपली खूण टाकतो, म्हणजे परत आलं तर आपण कधी उघडलं होतं ते कळतं. गिऱ्हाइकाला कधी दिसत नाही. बाबांना दिसलं नसेल, घड्याळ बावीस वर्षं रोज हातावर होतं तरी.

८५ म्हणजे परभणी. बाबांची बदली झाली होती, मी दुसरीत होते. एसटी स्टँडसमोर एक घड्याळाचं दुकान होतं आणि तिथल्या बाकावर मला बसवून बाबा आत गेले होते, एवढं आठवतं. ९० म्हणजे नगर. ९३ ला आम्ही इथे ठाण्यात आलो होतो, पण एका वर्षात दोनदा का उघडावं लागलं?

"पडलं असेल," काका म्हणाले. "नाहीतर पहिल्याने नीट केलं नसेल. हा दुसरा हात बरा दिसतोय." त्यांनी भिंग परत घेऊन त्या खुणेकडे जरा वेळ पाहिलं, ओळखीचं कोणी दिसतंय का असं.

९८ नंतर काही नाही. त्या वर्षी बाबा निवृत्त झाले आणि निरोप समारंभात त्यांना सेलचं घड्याळ मिळालं.

काकांनी सुई घेतली. वरून कोणीतरी जिना उतरत होतं, म्हणून थांबले. पावलं गेल्यावर मोकळ्या जागेत महिना आणि वर्ष कोरलं, पुढे एक छोटी तिरकी रेघ. फुंकर मारली, झाकण दाबून बसवलं. साडेसहाशे रुपये झाले.

"भरा आता किल्ली. माझ्यासमोर भरा, म्हणजे भीती जाईल."

मी मोजत होते. बारा, तेरा. बोटं थांबली. काकांनी दुसऱ्या कुणाचं तरी घड्याळ पुढे ओढून त्याचा पट्टा काढायला सुरुवात केली होती, माझ्याकडे बघतही नव्हते. चौदा. पंधरा. वीसच्या पुढे किल्ली जड व्हायला लागली, पण फिरत होती. सत्ताविसाव्या वेढ्याला ती स्वतःच थांबली.