तुम्ही विचारलंत म्हणून: मूळ पान काचेत का नको?

वि. स. खांडेकरांच्या स्मारकाचा विषय निघाला की प्रश्न ठरलेला. 1920 ते 1938 शिरोड्यात मास्तरकी केली त्यांनी, मग मूळ हस्तलिखित तिथंच कायमचं का मांडू नये? वर टोमणा: नक्कल बघायला कोण येणार?

शिरोडं म्हणजे 1930 चा मिठाचा सत्याग्रह झाला ते मिठागरांचं गाव. पावसाळ्यात तिथल्या हवेतली आर्द्रता 80 टक्क्यांच्या वर सहज जाते. कागदाला 45 ते 55 मानवते. 65 च्या वर टिकून राहिली की बुरशी धरते. ‘एसी लावा ना’ हे आता ऐकवत नाही. लावतात, आणि संध्याकाळी कुलूप घालताना बंद करतात. घात होतो तो तिथं. दिवसभर गार पडलेल्या काचेला आणि कागदाला फटींतून शिरलेली दमट हवा लागते, ओल धरते. सकाळी एसी सुरू, कागद पुन्हा आखडतो. रोज फुगायचं, रोज आक्रसायचं. शाई फुटते, टाचणीभोवती गंजाचं कडं उमटतं, गणपतीपर्यंत कडेला करडे ठिपके. ते फडक्यानं पुसलेत तर पानभर पसरतात. त्यापेक्षा डीह्युमिडिफायर, म्हणजे हवेतली ओल ओढून टाकीत जमवणारं यंत्र, रात्रंदिवस चालवा आणि त्याची नळी थेट मोरीत सोडा. टाकी भरली की ते आपोआप थांबतं, आणि रविवारी टाकी ओतायला कुणी नसतं. ओल शोषणारी सिलिका जेल घट्ट पेटीतच कामाची. फटी असलेल्या कपाटात ती पुडी नुसती शोभेची. लॅमिनेशन करायला निघालेल्याचा तर हातच धरा. तापवून चिकटवलेलं प्लास्टिक पुढं पान फाडल्याशिवाय निघत नाही.

उजेड 50 लक्सपर्यंत. तेवढ्यानंही शाई उडतेच, फक्त सावकाश.

लेखकाचं अक्षर पाहिल्याशिवाय तो भेटत नाही, असं पूर्वी मीही ठासून सांगायचो. आजही ते साफ खोडता येत नाही. पण दृष्टी गेल्यावर खांडेकर मजकूर सांगून लिहवून घेत. त्या पानांवर अक्षर लेखनिकाचं. मग तिथं बघायला काय जायचं? माझं मलाच अजून ठरवता आलेलं नाही.

तूर्त मूळ पानं आम्लमुक्त पेटीत, जमिनीपासून वीतभर वर, बाहेरच्या भिंतीला न टेकवता. काचेत 600 डीपीआय स्कॅनवरून छापलेली प्रत, आणि खाली ‘नक्कल’ असं ठळक. हट्टच असेल तर जानेवारीत, जयंतीच्या आठवड्यात, हवा कोरडी असताना एक पान मांडा; दर वर्षी वेगळं. आठव्या दिवशी ते पेटीत गेलं पाहिजे. मुदतवाढ मागायला येऊ नका.